पेठेत जाणारी तार

आमच्या आबांनी पेठेतल्या केबलवाल्याच्या मुस्काटात मारली, तेव्हा तो आपल्याकडची चॅनलं बोटांवर मोजून दाखवत होता. मारली तीही अशी सणसणीत, की माणूस विहाराच्या दोन पायऱ्या खाली जाऊन बसला. मी दाराशीच आईच्या पायाशी बसले होते आणि मला फार बरं वाटलं. वय झालं की 'तसं व्हायला नको होतं' असं लिहायची रीत आहे. मला तसं वाटत नाही. एक मारली, दोन मारायला हव्या होत्या.

केबल गावोगावी पोचत होती, त्या नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. शेवगाव तालुक्यातलं आमचं बाजाराचं गाव आणि गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती. आबा म्हणजे माझे वडील. ते आणि आई दिवाळी झाली की टोळीबरोबर कोपरगावकडं ऊस तोडायला जायचे, ते उन्हाळ्यातच परत. मी मावशीजवळ राहून शाळा शिकले. वस्तीत टीव्ही एकच होता, वर्गणी काढून विहारात आणलेला. त्यावर सरकारी चॅनल दिसायचं, तेही कुणी पत्र्यावर चढून अँटेना धरून उभं राहिलं तर.

त्या वर्षी दोन केबलवाले एकदमच वस्तीवर आले. एक एसटी स्टँडजवळचा, दुसरा पेठेतला. दोघांच्या डिशच्या छत्र्या मोठ्या आणि जिभा त्याहून मोठ्या. आमच्याकडं असली गोष्ट एकट्यानं ठरवत नसत. पौर्णिमेची वंदना झाली की विहारात बसायचं, ज्याला बोलायचं त्यानं बोलायचं आणि ठरेल ते सगळ्या वस्तीचं. म्हणून दोघांना सांगितलं, आधी आपापल्या तारा इथं आणून टाका, आम्ही बघतो, मग बोलू. मग काय, एका संध्याकाळी एकाची तार टीव्हीला, दुसऱ्या संध्याकाळी दुसऱ्याची. अख्खी वस्ती मांडी घालून बसायची, जशी काही मुलगीच बघायला आली आहे.

पेठवाल्याकडं चॅनलं जास्त होती. क्रिकेट इतकं स्वच्छ की चेंडूची शिवण दिसायची. परदेशी कुस्त्या होत्या. इंग्रजी बातम्या होत्या, त्या कुणाला कळत नव्हत्या, पण असाव्यात असं सगळ्यांचं मत पडलं. स्टँडवाल्याकडं चॅनलं कमी आणि वारा सुटला की सिनेमाच्या ऐन प्रसंगात पडद्यावर मुंग्या यायच्या. पण त्याचं स्वतःचं एक व्हिडिओ चॅनल होतं. दुपारी सिनेमा आणि संध्याकाळी गावातले कार्यक्रम, कुणाचं लग्न, गणपतीची मिरवणूक, उरूस. कॅमेरा खांद्यावर घेऊन तो स्वतःच फिरायचा. पुरुषांचा ओढा क्रिकेटकडं होता, बायकांचा दुपारच्या सिनेमाकडं. यावरून घराघरांत कुरबुरी झाल्या. माझ्या चुलत्यानं काकूवर हात उगारला, काकूनं चुलीतलं जळतं लाकूड काढलं आणि चुलते दोन दिवस विहारात झोपले.

पौर्णिमेच्या बैठकीत कौल पेठवाल्याकडंच चालला होता. आई बैठकीत कधी बोलत नसे. त्या दिवशी ती पदर सावरत उठली आणि दोघांना मिळून एकच विचारलं. "जयंतीची आपली मिरवनूक दावनार का तुमी?"

आईचा गळा काय होता, हे मी सांगून कळायचं नाही. एप्रिलमध्ये जयंतीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहून ती गाणी म्हणायची, तेव्हा पुढची लेझीम थांबायची. पण गेली काही वर्षं कारखान्यांचे हंगाम लांबले आणि जयंतीच्या दिवशी ती उसाच्या फडातच राहिली. या वर्षी ती वेळेवर परतली होती. दुसरं असं, की आमची मिरवणूक पेठेत जात नसे. पूर्वी एकदा तिथं दगड पडले होते, तेव्हापासून पेठेच्या तोंडाशी पोलीस उभे राहायचे आणि गाडी वळवायला लावायचे. आईला ते फार डाचायचं. स्टँडवाल्याच्या तारा पेठेतल्या बऱ्याच घरांत गेल्या होत्या. रस्ता जिथं अडत होता, तिथून तार आत जात होती. एकदा तरी त्या घरांत आपलं गाणं वाजावं, आणि गाताना आपण कशा दिसतो ते आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

पेठवाला हसला, बोटांवर चॅनलं मोजायला लागला. म्हणाला, "तुमची मिरवनूक कोन बघतंय? चांगली चॅनलं देतो, ती बघा की गप."

मग आबा उठले आणि सुरुवातीला सांगितलं ते झालं.

स्टँडवाल्यानं होकार दिला आणि वस्ती त्याची झाली. तो आमच्यासाठी भांडत होता असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. त्याला पुढंमागं टीव्ही घेणारी घरं पाहिजे होती. पण बोलल्याप्रमाणं तो जयंतीला कॅमेरा घेऊन आला, ट्रॉलीच्या पुढं उलट्या पावलांनी चालत त्यानं आईचं सगळं गाणं टिपलं, आणि रविवारी संध्याकाळी दाखवतो म्हणून सांगितलं. पेठेतून निरोप आला, दाखवलंस तर तार जागेवर राहायची नाही. शुक्रवारी त्याच्या दुकानाच्या काचा फुटल्या. शनिवारी त्याच्या माणसांनी पेठवाल्याचा एक जण बाजारात गाठून लोखंडी पाइपनं त्याचा हात मोडला. सगळं गाव हे बघत होतं आणि भाजी घेत होतं.

रविवारी ऊन उतरायला लागलं तशी वस्ती विहारात जमली. आईनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, जसं काही टीव्हीत ती दिसणार नाही, टीव्हीच तिला बघणार आहे. झेंडे दिसले, लेझीम दिसली, ट्रॉलीचं तोंड दिसलं आणि पडदा पांढरा झाला.

स्टँडवाल्याची मुख्य तार आमच्या कोपऱ्यावरच्या लिंबावरून भिंतीला धरून पेठेकडं जायची. विहाराची तार तिच्यातूनच पुढं फुटायची. ती तिथंच, फाट्याच्या अलीकडं तोडली होती. आम्ही पोचलो तेव्हा पेठवाल्याची माणसं कोयते घेऊन खालीच उभी होती, आणखी कुठं तोडता येते का बघत. ऊस तोडायचेच कोयते, आमच्या घराघरांत असतात तसले. आबा सरळ भिंतीवर चढले. दोन्ही टोकं दातांनी सोलली, आतली तार तारेला पिळली, वरची जाळी जाळीला, आणि ते सगळं उजव्या मुठीत दाबून धरलं. खाली काठ्या सुरू झाल्या होत्या. चुलत्याच्या डोक्यात काठी बसली आणि ते मटकन बसले. एक जण भिंतीकडं धावला, त्याला मी अर्धी वीट मारली. कपाळावर लागली, रक्त डोळ्यांत उतरलं, तो आंधळ्यासारखा हात फिरवत राहिला. मी दुसरी वीट शोधत होते. माझ्या शेजारी आई होती. तिनं कुणाचे तरी केस दोन्ही हातांत धरले होते आणि त्याचं डोकं ती भिंतीवर आपटत होती.

तेवढ्यात गाणं सुरू झालं. विहारात म्हाताऱ्या बायका आणि तान्ही पोरं तेवढी उरली होती, कुणीतरी आवाज मोठा केला होता. मग लक्षात आलं, आवाज एकीकडून येत नाही. पेठेच्या बाजूनंही येतोय, उघड्या खिडक्यांतून, एका घरातून नाही, चार-पाच घरांतून. आईनं केस सोडले. हात रक्तानं भरलेले आणि ती तोंड उघडं टाकून पेठेकडं बघत उभी.

आणि त्याच वेळी भिंतीच्या पलीकडून कोयता आला. तारेवरच मारला होता, असं तो माणूस पुढं कोर्टात म्हणाला. आबांची दोन बोटं मातीत पडली. आबांनी शिवी दिली, टोकं डाव्या मुठीत घेतली आणि भिंतीवरच बसून राहिले. बोटं बघून कोयता टाकून पहिला पळाला तो तोच. बाकीचे त्याच्या मागं. रक्त भिंतीवरून खाली येत होतं आणि गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत चाललं.

नगरच्या दवाखान्यात बोटं पदरात बांधून नेली, ती काही बसली नाहीत. गुन्हे दोन्हीकडं दाखल झाले आणि पहिली थप्पड आबांची म्हणून त्यांचं नाव सगळ्यात वर. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमानं आबांचा हात बघितला आणि पुढच्या दिवाळीला आमच्या दारावरून टोळी तशीच पुढं गेली. त्यामुळं आई नंतर एकाही जयंतीला चुकली नाही.

आणि केबलवाले? तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना. वर्षाच्या आत दोघांनी भागीदारी केली. चॅनलं वाढली, क्रिकेट स्वच्छ झालं, व्हिडिओ चॅनल बंद झालं. मिरवणुकीची कॅसेट तरी द्या म्हणून मी स्टँडवाल्याकडं गेले, तर तो म्हणाला, तिच्यावर कधीच एक लग्न भरलं. कॅसेटा पुन्हा पुन्हा वापरतात, हे आमच्या वस्तीत कुणाला ठाऊक होतं? टीव्हीवर आलं म्हणजे कायमचं राहिलं, असं आम्ही धरून चाललो होतो. मी त्याच्या काउंटरवरची काच फोडून आले.

आमच्या घरातल्या कुणीच आईला टीव्हीवर बघितलं नाही. आम्ही सगळे भिंतीपाशी होतो. विहारातल्या म्हाताऱ्यांना ती पुन्हा पुन्हा विचारायची. त्या म्हणायच्या, लई झ्याक दिसत हुतीस. पुढं त्याही एकेक करून गेल्या. मग ती आबांनाच विचारायला लागली, जसं काही ते तिथं आत बसले होते. बरीच वर्षं ते नुसते गुरगुरायचे. एकदा जेवताना तिनं परत विचारलं.

"अवं, कशी दिसत हुते वं मी?"

"मला काय ठावं," आबा म्हणाले. "म्या भिताडावर हुतो. पन पेठेतनं तुजं गानं येत हुतं. म्हनून तर तार सोडली न्हाई."

आबांना उरलेल्या बोटांनी भाकरी मोडता येत नसे. आईनं ती मोडून त्यांच्या ताटात ठेवली, आणि त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही.