आठची हजेरी

मालकांच्या हौसेखातर कुपवाडच्या आमच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकली, आणि तेव्हापासून तो रखडायला लागला. दुरुस्तीला आलेला माणूस शिराळ्याचा होता. नाव मी विचारलं नाही. त्यानं स्क्रू ड्रायव्हर काढलाच नाही. डोळे मिटून मशीनला कान लावला, बिळाला लावावा तसा.

"आत कोनतरी जागं हाय," तो म्हणाला.

मग त्याची बोटं भराभर चालली आणि पडद्यावर हजेरीचा जुना प्रोग्राम आला. माझ्या आधी या खुर्चीत बसणाऱ्या अण्णांनी तो केला होता. अण्णा दिवाळीतच वारले. नव्या सिस्टीमखाली तो गुपचूप चालूच होता, आणि रोज सकाळी आठला त्यात अण्णांची हजेरी लागत होती. आजचीसुद्धा.

"पुसून टाका," मी कशीबशी म्हणाले.

त्यानं हात मागं घेतला. "न्हाई ताई. आमच्या गावात नाग धरत्यात, मारत न्हाईत. जिथं घावला तिथंच सोडत्यात." दोन-चार बटणं दाबून तो उठला. "आता आडवा येनार न्हाई."

त्यानंतर कॉम्प्युटर झरझर चालू लागला. फक्त सकाळी आठला क्षणभर थांबायचा. तेवढा वेळ मी खुर्ची सोडून उभी राहायचे.