गाडीला आधी हात लावलेला माणूस

त्या रविवारी चौगुल्यांच्या अंगणात जे ऐकलं त्यानं मी हबकलो. घरी येऊन भार्गवीला सांगितलं तर तीही हबकली, आणि माझी बायको सहसा हबकत नाही. लग्नानंतर तर नाहीच. आता तुम्हालाही सांगतो. वाचताना गाडी चालवत नसाल अशी आशा आहे.

दयानंद चौगुले येलहंकात आमच्या समोर राहतात. मूळचे निपाणीकडचे, पण बेंगळुरात इतकी वर्षं काढली आहेत की रागावले की कन्नड, हिशेबाला कन्नड आणि गप्पांना तेवढी मराठी. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात ते टूलरूम सांभाळतात. म्हणजे आठवडाभर लोखंड घासतात आणि रविवारी विश्रांती म्हणून पुन्हा लोखंडच घासतात. जुन्या गाड्या घ्यायच्या, उघडायच्या, जोडायच्या, चार महिने फिरवायच्या आणि विकायच्या, हा त्यांचा छंद.

"धंदा नव्हे बरं का," ते नव्या माणसाला आवर्जून सांगतात.

"धंदा असता तर घरात काही आलं असतं," आतून पद्माक्का सांगतात. पद्मावती हे त्यांच्या पत्नीचं पूर्ण नाव; गल्लीला त्या पद्माक्काच.

गाडी विकायची चौगुल्यांची एक रीत आहे. गिऱ्हाइकाला आधी चहा, मग पद्माक्कांची शेंगाची पोळी, मग उलटतपासणी. गाडी उन्हात लावणार की सावलीत? चालवणार कोण? घरात कुणाला क्लचवर पाय ठेवून बसायची खोड आहे का? एकदा एक इंजिनियर उत्तरं देता देता घामाघूम होऊन, पोळी खाऊन, गाडी न घेताच निघून गेला. पास झालेल्या माणसाच्या हातात किल्ली ठेवताना मात्र चौगुले म्हणतात, "निर्धास्त जावा." या दोन शब्दांवर लोक त्यांच्याकडून गाड्या घेतात.

आता या सगळ्या आल्यागेल्या गाड्यांत एकही घरात राहिली नव्हती. म्हणून मुलगी प्रणिता इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागली, तिथेच मैत्रिणींबरोबर भाड्याने राहायला गेली आणि दर शनिवारी अख्खं शहर ओलांडून घरी यायला लागली, तेव्हा चौगुल्यांच्या मनानं घेतलं की एक गाडी हिच्यासाठी करायची. आपल्या हातची. ही विकायची नाही.

प्रणिता आधी ऐकेना. "बाबा, मला ॲप-कॅब पुरते. त्या फ्लायओव्हरवर तुमची अँटिक बंद पडली तर मी काय करू, मागच्या ट्रकवाल्याला पोळी देऊ?"

पण चौगुले मागेच लागले, आणि शेवटी तिनं अट घातली. गाडीतला प्रत्येक नटबोल्ट त्यांनी स्वतः काढून स्वतः बसवायचा. दुसऱ्या कुणाचं काम तिला चालणार नाही. "तुमचा हात असेल तरच मी बसेन," ती म्हणाली.

हे वाक्य चौगुल्यांनी मला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला कन्नडमध्ये भाषांतर करून सांगितलं. पुढच्याच आठवड्यात ते कोल्हापूरला जाऊन एक जुनी झेन घेऊन आले. महाराष्ट्राचा नंबर, टोमॅटोसारखा लाल रंग, विकणारा शंभूराज नावाचा उमदा पोरगा. गाडी अंगणात चढली, जॅकवर उभी राहिली आणि दर रविवारी बॅटरी धरायला माझी नेमणूक झाली.

इथे त्या जगातला एक शिष्टाचार सांगायला हवा. जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की पहिली गोष्ट करायची ती दुरुस्ती नव्हे. आधी या गाडीला ज्यानं हात लावला त्याचा उद्धार करायचा. घर रंगवायला आलेला रंगारी भिंतीवर हात फिरवून आधीच्या रंगाऱ्याबद्दल हळहळतो, नवा दंतवैद्य जुन्या दाढेत डोकावून "अरेरे" म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. चौगुल्यांनी मात्र त्याची कला केली आहे.

"बघा की हे," वायरींचा गुंता बाहेर ओढत ते म्हणाले, "हा मागला कोण होता काय की. लाल वायरीला हिरवी जोडलीय. ह्याच्या घरात दिवाळीला उटण्याऐवजी मिरचीपूड लावत असतील."

पुढच्या रविवारपर्यंत या 'मागल्या'ला आमच्या मनात नाकडोळे आले होते. तो दारू पिणारा होता. त्यानं कुणाकडे शिकून घेतलं नव्हतं. त्याचा पान्हा उसना होता आणि त्यानं तो परत केला नव्हता. प्रणिता शनिवारी आली की चप्पल काढता काढता विचारायची, "काय, मागला आज काय म्हणतोय?" आणि चौगुले उत्साहानं ताजा गुन्हा सांगायचे. खरं सांगायचं तर मजा येत होती.

ती मजा एका रविवारी संपली. चौगुले गाडीखाली आडवे होते, मी बॅटरी धरून उकिडवा. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी काळ्या टेपनं गुंडाळलेली होती. टेप सोडली तर आत अंजिरी रंगाची एक चिंधी, नळी पत्र्यावर वाजू नये म्हणून बांधलेली. चिंधी सोडली, आणि चौगुले बोलायचे थांबले.

मग ते बाहेर आले. चेहरा पांढरा पडला होता. "मूळची नळी गंजलेली, तेवढी कापलीय," ते हळू म्हणाले, "आणि मध्ये फ्रिजची तांब्याची नळी घातलीय. दोन्ही टोकांना पितळेचा डाग देऊन जोडलीय. फ्रिजची, सर. ब्रेकचा दाब ती कशी सोसणार? आज नाही तर उद्या चिरणार. उतारावर पाय दाबायचा आणि पायाखाली काही नाही."

"पण डाग सुबक दिलाय," मी बॅटरी मारून म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"सुबक? ह्याच नळीवर मी माझ्या पोरीला बसवणार होतो."

पद्माक्का चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी खाली पडलेली चिंधी उचलली, झटकली, उलटसुलट पाहिली आणि आत घेऊन गेल्या.

आता चौगुल्यांना तो माणूस हवाच होता. थट्टेसाठी नव्हे, खरोखर. त्याचा दरवाजा वाजवून त्याला विचारायचं होतं की बाबा, तुला मुलंबाळं आहेत का. शंभूराजला फोन लावला. तो म्हणाला, ब्रेकला मी हात लावला नाही काका, मी नुसता रंग दिला. गाडी गडहिंग्लजच्या एका मॅडमकडून घेतली होती, नंबर पाठवतो.

पुढच्या रविवारी सगळे अंगणात होतो. चौगुल्यांचे हात ग्रीसनं माखलेले, म्हणून प्रणितानं नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन कट्ट्यावर ठेवला. पलीकडे अहल्या देसाई नावाच्या निवृत्त प्राध्यापिका होत्या. आवाज गोड, थोडा वर्गात बोलल्यासारखा.

"मॅडम, मी बेंगळूरहून बोलतोय. तुमची झेन फिरत फिरत माझ्याकडं आलीय."

"अगं बाई, आहे का अजून? माझ्याकडे पांढरी होती हो."

"ब्रेकचं काम कुणाकडनं करून घेतलं होतं तुम्ही?"

"मी नाही केलं. ते आधीचंच. का, काही झालं का?"

"झालं नाही हे नशीब समजा. ज्यानं केलंय त्याचं नाव पायजे मला."

"नाव नाही आठवत आता. पण माणूस फार चांगला."

चौगुल्यांनी आमच्याकडे पाहिलं. साध्या माणसांना जग कसं फसवतं, असा तो कटाक्ष होता. "चांगलीच माणसं असली कामं करतात, मॅडम. कुठला होता?"

"मी तेव्हा बेंगळूरलाच होते नोकरीला; नंबर इकडे आल्यावर बदलून घेतला. तो येलहंकाचा."

"येलहंकाचा?" चौगुले उठून उभेच राहिले. शत्रू चालत जाण्याच्या अंतरावर निघाला होता. "मग सोप्पं झालं. इथला एकूण एक मेस्त्री ओळखतो मी. दिसायला कसा?"

"मेस्त्री नव्हे हो. पीण्यात कुठेतरी चांगल्या कामाला होते. गाड्यांची आपली हौस. आपल्या निपाणीकडचे निघाले, म्हणून तर मी विश्वासानं घेतली."

प्रणितानं हळूच माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. चौगुल्यांना अजून पत्ता नव्हता. ते मनात निपाणीकडच्या लोकांची नावं चाळत असावेत.

"मला किती प्रश्न विचारले त्यांनी," बाई आठवणीत रमल्या होत्या, "गाडी उन्हात लावणार की सावलीत म्हणे. मग त्यांच्या मिसेसनी शेंगाची पोळी बांधून दिली वाटेला. छोटी मुलगी होती, गाडी निघाली तशी रडायला लागली. आणि ते म्हणाले, मॅडम, ब्रेक मी माझ्या हातानं केलाय. निर्धास्त जावा."

हवाई दलाचं एक विमान डोक्यावरून गेलं. कुणीही वर पाहिलं नाही. चौगुले होते तिथेच खाली बसले, पायरी समजून. तिथे पायरी नव्हती, ऑइलचा ट्रे होता.

"हॅलो? ऐकताय ना? आणि अगदी खरं ठरलं हो त्यांचं. आई होती तोवर तिला घेऊन कितीदा आंबोलीचा घाट उतरले मी त्या गाडीतून. ब्रेक थोडा जास्त दाबावा लागायचा. मी म्हणायची, जुनी गाडी, असायचंच."

मी चौगुल्यांना इतकी वर्षं ओळखतो. त्यांचा तो चेहरा मला पुन्हा पाहायचा नाही.

"मॅडम," ते म्हणाले. "मॅडम, तो मी."

"कोण?"

"दयानंद चौगुले. ब्रेक मी केलेला. चुकीचा केलेला."

प्रणितानं फोन कट झाला का ते वाकून पाहिलं. मग बाईंचा आवाज आला, वर्गातला. "मग मघापासून तुम्ही शिव्या कुणाला देत होता?"

चौगुल्यांनी माफी मागितली, मराठीत सुरू केली आणि मध्येच कन्नडवर गेले. बाई म्हणाल्या, आईला तो घाट आवडायचा. एवढंच म्हणाल्या. मग पद्माक्का बऱ्या आहेत का ते विचारलं आणि फोन ठेवला.

पद्माक्का दारातच होत्या. त्यांच्या हातात ती अंजिरी चिंधी होती, धुऊन, घडी घालून.

"माझी इरकल आहे ही," त्या म्हणाल्या. "आईनं दिलेली. फाटली तेव्हा तुम्ही पुसायला म्हणून नेलेली. मी गेल्या रविवारीच ओळखली."

"तेव्हाच? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत होता की."

मला आधी हसू आलं आणि मग आपण हसलो याचाच धक्का बसला. कारण चौगुले ट्रेमधून उठले नव्हते. ते तांब्याच्या त्या तुकड्याकडे पाहत होते. "नवीन होतो," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "नळी दुकानात मिळेना, मॅडमना द्यायची वेळ झालेली. तांबं गंजत नाही, एवढंच डोक्यात होतं. काय अभिमान वाटलेला मला. वर्षभरात कळलं हे चालत नाही, तेव्हा सोडून दिलं. दिलेल्या गाड्यांचा विचारच केला नाही बघा. एकदाही."

स्वतःचं हस्ताक्षर आपल्याला अंधारातही ओळखू येतं असं मी समजत होतो. माणूस स्वतःच्याच हातच्या कामाखाली पडून आठवडेच्या आठवडे ते करणाऱ्याला मूर्ख म्हणू शकतो, हे माझ्या गावी नव्हतं.

मग त्यांनी प्रणितापुढे किल्ली धरली नाही. उलट खिशात घातली. "तू कॅबनंच ये, बाळ. तुझी अट होती माझ्या हाताची. तो हात हा असा आहे."

प्रणिताला राग आला होता हे दिसत होतं, आणि तो लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. "अशी नळी अजून कुठल्या गाड्यांत आहे?" तिनं विचारलं.

"दोन. एक भंगारात गेली, माझ्या डोळ्यांदेखत. एक तुमकुरात डॉक्टरांकडं."

"मग आधी तुमकूर," ती म्हणाली. "नंबर सांगा."

तुमकूरचे डॉक्टर चांगलेच तडकले, आणि तडकायलाच हवं होतं. त्या गाडीची नळी चौगुल्यांनी तिथे जाऊन, डॉक्टरांच्या संपूर्ण कुटुंबाच्या देखरेखीखाली बदलली. चहा मिळाला नाही. झेनची तर पुढून मागपर्यंत सगळीच नवी घातली, आणि मग त्यांनी जे केलं त्यानं गल्ली थक्क झाली: गाडी स्वतः दुसऱ्या मेस्त्रीकडे तपासायला नेली आणि बाहेरच्या बाकावर इतर गिऱ्हाइकांसारखे बसून राहिले. मेस्त्रीनं "सरी आहे", म्हणजे सगळं ठीक आहे, म्हटलं तरी किल्ली प्रणिताला दिली नाही.

"आधी नंदी डोंगर," ते म्हणाले. "मी एकटा चढणार, एकटा उतरणार."

ज्या सकाळी निघायचं त्या सकाळी पद्माक्का डबा घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसलेल्या होत्या. उतरायला सांगितलं तर त्या समोरच्या काचेतून लांब कुठेतरी पाहत राहिल्या. मग प्रणिता बसली. बॅटरीवाला म्हणून मलाही बोलावलं. नाही कसं म्हणणार, आणि भार्गवीला सांगायची हिंमत नव्हती.

चढ ठीक झाला. वर धुकं होतं, डबा उघडला गेला, पोळ्या खाल्ल्या गेल्या. परत गाडीजवळ आलो तर चालकाच्या जागी प्रणिता बसली होती. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला.

"किल्ली."

"प्रणिता, उतार मी—"

"बाबा, किल्ली."

चौगुल्यांनी मेस्त्रीकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? त्यांनी किल्ली दिली. नेहमीचे दोन शब्द तोंडापर्यंत आलेले मला दिसले. ते त्यांनी गिळले आणि तिच्या सीटमागे, माझ्या शेजारी येऊन बसले.

पहिल्याच वळणावर त्यांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर जोरात दाबला गेला. दुसऱ्या वळणावर दोन्ही. तिसऱ्या वळणावर खाली पाहिलं तर माझेही.

"बाबा," प्रणिता रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "गुडघे काढा. माझी सीट हलतेय."