मोठ्या डोक्याची मुंगी

जुईनगरला आमच्या गेटाबाहेर एक आगरी मावशी भाजी विकते. बोलताना हातातली मेथीची जुडी हलकेच थोपटत राहायची तिला सवय आहे. काल तिच्या टोपलीजवळून मुंग्यांची रांग निघाली आणि मला ज्ञान पाजळायची उबळ आली.

"मावशी, या लष्करी मुंग्या. यांचं उपकुळच वेगळं. राणीला पंख नसतात, कामकरी आंधळ्या. त्यांतल्या मोठ्या डोक्याच्या, मोठ्या जबड्याच्या त्या सैनिक."

मावशीनं टोपली सरकवली आणि जुडी थोपटत म्हणाली, "डोका मोठा, तोंड मोठा, न डोल्यांनी दिसत नाय? तसा आमचे इथं पन हाय येक. सोसायटीचा चेरमन."

मी मोठ्यांदा हसलो. चेअरमन मीच, हे तिला कुठं ठाऊक!

तेवढ्यात तिनं जुडी पुढे केली. "घ्या चेरमन, मेथी."