राखणदाराचं लक्ष

माझी सगळी अंडीपिल्ली आपल्याला ठाऊक आहेत, असं माझी बायको म्हणते. म्हणू दे. हे एक तिलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठी, की तुम्ही मला ओळखत नाही — ओळखणाऱ्यासमोर माझी जीभ रेटत नाही.

आरमोरीच्या पुढे, जंगलाला लागून आमचं गाव. आम्ही कोसावाले. ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या सोडायच्या आणि त्या कोश विणेपर्यंत त्यांना राखायचं, एवढंच काम. सोपं वाटतं ना? अळीला खायला सगळं रान टपलेलं असतं. कावळा, गांधीलमाशी, आणि सगळ्यांत वाईट लाल मुंगी. गुलेर, म्हणजे गलोल, घेऊन झाडांखाली फिरत राहायचं, बुंध्याभोवती राख टाकायची, पावसानं राख वाहून गेली की पुन्हा टाकायची. राखणदाराची नजर हटली की पीक गेलं.

शिवाय नेम. कोसा झाडावर असेपर्यंत मटण-मासळी नाही, दाढी-केस नाही, मयतीला जाणं नाही. आणि बाहेर बसलेल्या बाईनं झाडांकडे फिरकायचंसुद्धा नाही. डबासुद्धा लांब, काठ्यांच्या कुंपणाशी ठेवायचा, आपण जाऊन आणायचा.

आता मी मोठा माणूस झालोय. हसू नका, खरंच झालोय. बचत गटाच्या बायांना, नव्यानं कोसा करणाऱ्या पोरांना शिकवायला मला बोलावतात. माझा विषय ठरलेला — कामात लक्ष कसं टिकवायचं. मी बोलतोही झकास. एका वेळी एकच काम धरा, मोबाईल घरी पेटीत ठेवून या, मन मोकाट गोऱ्ह्यासारखं असतं, त्याला दाव्याला बांधा. लोक माना डोलावतात. मग मी माझी गोष्ट सांगतो — एका वर्षी माझ्यासारख्या राखणदाराच्याही अळ्या कशा मेल्या, एका बाईनं नेम कसा मोडला. तिथे समाजमंदिरात टाचणी पडली तरी ऐकू येते.

ती गोष्ट खोटी आहे.

म्हणजे अळ्या मेल्या, हे खरं. बाई आत आली, हेही खरं. मग खोटं काय? — सांगतो. थोडा दम घेऊ द्या.

त्या वर्षी मोठा भाऊ तेलंगणात बांधकामावर गेला होता. बाबांनी पहिल्यांदाच राखण एकट्या माझ्यावर सोपवली. सोपवताना म्हणाले होते, यंदा नीट झालं तर झाडं तुझी, नाहीतर मोठ्याची. माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं. डबा वहिनी आणायची, पुष्पा वहिनी, भावाची बायको. तोंडाची फटकळ, मनाची मोकळी. "भाऊजी, लगन करा आता, तुमचा डबा आनून आनून पाय दुखले माहे," असं कुंपणापासूनच ओरडायची. मला ती आवडायची. हेही सांगून टाकतो, म्हणजे माझा तिच्यावर राग होता असं कोणी समजू नये. राग नव्हताच.

आमच्या झाडांत मोबाईलला रेंज नव्हती. टेकाडावर एक मोठा गोटा होता, तिथे मात्र यायची. आणि तिथून झाडं दिसत नव्हती. मला तेव्हा मोबाईलवर शंकरपट बघायचा नाद लागला होता. बैलजोड्या धुरळा उडवत सुटायच्या — एक शर्यत संपली की बोट आपोआप दुसरीवर. पाच मिनिटं म्हणून बसायचो आणि ऊन कलायचं. त्या दिवशी सकाळी पावसाची सर येऊन गेली होती. राख वाहून गेली असणार, हे मला कळत होतं. कळत होतं, तरी मी गोट्यावरच बसलो. ही जोडी संपू दे, मग उठतो. मग पुढची.

वहिनीची हाक आली तेव्हा मी दचकलो. ती झाडांत होती — आत. पदर खोचून, हातात पळसाची डहाळी घेऊन बुंध्यांवरच्या मुंग्या झाडत होती. झाडं लाल झाली होती नुसती. "भाऊजी, मुंग्या सारं खाऊन राह्यल्या! मी बाहेरची आहो, मले मालूम आहे, पन पाहून कशी राहू?" तिच्या हातांना मुंग्या डसल्या होत्या, दंड सुजले होते. त्या दिवशी शेजारणीनं रांधलेला डबा ठेवून ती परत फिरणार होती. मी दिसेना, म्हणून आत आली. जी थोडी झाडं वाचली ती तिनं वाचवली.

तिचे सुजलेले हात बघताना माझ्या मनात काय आलं असेल? आभार? लाज? — छे. सुटलो, असं आलं. कारण ती बाहेरची होती, आणि आत आली होती.

बाबा आले, गावातले चार जण आले. मी कुणाला विचारूही दिलं नाही. वहिनी बाहेरची असून आत शिरली, म्हणून अळ्या गेल्या, असं मीच आधी बोललो. वहिनी बाबांना म्हणाली, "मामाजी, मी नसती गेली तं एकबी अळी राह्यली नसती. भाऊजी गोट्यावर मोबाईल पाहून राह्यले होते."

बाबांनी मला ऐनाला हात लावायला सांगितलं. आमच्यात ऐनात देव मानतात. त्याला हात लावून कोणी खोटं बोलत नाही. मी लावला. तळहात सगळा टेकवला आणि म्हणालो, मी झाडांखालून हललो नाही. पुढे कोणी काही विचारलं नाही. कशाला विचारतील?

भाऊ परत आला तो तिला माहेरी पोचवायलाच. तिला मूल नव्हतं, तेही लोकांना आत्ताच आठवलं. वर्षभरात त्यानं दुसरी बायको केली. झाडं मला मिळाली. वहिनी वडशापलीकडे तिच्या भावाच्या घरी राहिली, भावजयीची बोलणी खात, दुसऱ्यांच्या धानाची रोवणी करत.

इतकं सांगून थांबलो तर तुम्ही म्हणाल, पोरगा घाबरला होता. म्हणू नका. अजून आहे.

मागच्या पावसाळ्याआधी वडशाकडच्या एका गावात माझा वर्ग होता. बायांच्या मागच्या रांगेत ती बसली होती. केस पिकलेले, पण मी लगेच ओळखलं. तिनंही. मी ती गोष्ट गाळू शकलो असतो. गाळली नाही. उलट नेहमीपेक्षा रंगवून सांगितली — बाई कशी दबकत शिरली, मी कसा हात जोडून तिला अडवत होतो. सांगताना मी तिच्याकडेच बघत होतो.

शेवटी विचारलं, कोणाला काही शंका? ती उभी राहिली. आवाज अगदी शांत होता. "सर, मुंग्या चढल्या तवा राखनदार कुठी होता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं बोलायला मला एक वाक्य पुरलं असतं. तिच्या गावच्या बाया होत्या त्या, रोज तिच्यासोबत चिखलात उतरणाऱ्या. त्यांच्यापुरती तरी ती त्या ठपक्यातून सुटली असती.

मी म्हणालो, "बाई, ध्यान कुठी आहे तुमचं? आत्ताच तं सांगतलं, झाडाखाली होता. का मोबाईल पाहून राह्यल्या तुम्ही?"

सगळं समाजमंदिर हसलं. तिच्याजवळ मोबाईल नव्हता. ती बसली आणि मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. ऐनाला हात लावला तेव्हा मी भ्यालो होतो. इथे भीती नव्हती. त्या हसण्यात मी सगळ्यात मोठ्यानं हसलो, आणि मला मजा आली.