तक्रारपेटीतली चिठ्ठी

साल १९९६, माझं वय एक्कावन्न. सातपूरच्या कारखान्यात मी प्रेस मशीनवर होतो. काम लवकर उरकावं म्हणून साहेबांनी मशीनची जाळी काढायला लावली. आमची बोटं वाचवायला तेवढी एकच जाळी होती. मी तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली. नाव लिहायची गरज नाही, असं पेटीवरच रंगवलेलं होतं. बाकीचे लोक चिठ्ठी घरच्या पोरांकडून लिहून घ्यायचे. मी चौथीच शिकलो, पण माझं म्हणणं दुसऱ्याच्या हातानं कशाला लिहून घेऊ?

आठ दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझी चिठ्ठी होती आणि शेजारी माझे रजेचे जुने अर्ज पसरलेले.

"काका, अक्षर सुधारा जरा. लांबून ओळखू येतं," साहेब हसले. मग एक कोरा कागद सरकवला. "लिहा, जाळी मी माझ्या मर्जीनं काढली."

"आणि नाही लिहिलं तर?"

"रिटायर व्हायला सातच वर्षं राहिली ना तुमची?"

"उद्या सांगतो," म्हणालो. बाहेर आलो तर एकानंही माझ्याकडं मान वर करून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या डोळ्यांदेखत तीच तक्रार पुन्हा पेटीत टाकली. खाली पूर्ण नाव लिहिलं होतं. मग मशीन चालू न करता तिच्याशेजारी उभा राहिलो.