साडेचार बोटांचा पंजा

मी ज्या देशात भांडी घासतो, तिथे पूर्वज चोर निघाला की लोक पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवतात. मी कामाला आहे त्या वृद्धाश्रमातल्या एका आजोबांनी मला त्यांच्या खापरपणजोबांचा शिक्षेचा कागद चौकटीत लावून दाखवला होता. गडी विलायतेत मेंढी चोरताना सापडला, म्हणून त्याला जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला पाठवलं. आजोबा मेंढीचं वर्णन अशा थाटात करत होते, की ती आहेरातच मिळाली असावी.

मी म्हटलं, आमचे पणजोबाही जहाजातूनच आले होते.

"त्यांनी काय चोरलं?" त्यांनी आशेने विचारलं.

काहीच नाही, म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला.

आमचे पणजोबा डहाणूजवळच्या नरपडचे. बोटीवर खलाशी म्हणून गेले, ते ऑस्ट्रेलियाच्या कुठल्याशा बंदरात उतरले आणि परत चढलेच नाहीत. बरोबरच्या खलाशाने वर्षभराने येऊन घरी एवढंच सांगितलं. पणजीच्या पदरात तेव्हा दोन वर्षांचा मुलगा होता, म्हणजे माझा आजा. आमच्यात माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला तर पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, दिवस करतात आणि मोकळे होतात. बारा वर्षं झाल्यावर भाऊबंद पानं घेऊन दारात आले. पणजी म्हणाली, "पानंच जाळायचीत ना, मग चूल आहे घरात." तिने पुतळा होऊ दिला नाही. कुंकू, बांगड्या, सगळं म्हातारपणापर्यंत ठेवलं. ती गेली तेव्हा तिला हिरवं लुगडं नेसवायचं की पांढरं, यावरून अंगणात भांडण झालं. शेवटी हिरवं नेसवलं, पण बायका कुजबुजत राहिल्या. सवाष्ण म्हणून गेली खरी, पण कोणाच्या भरवशावर?

हे सगळं माझ्या आत्याने डोळ्यांनी पाहिलेलं. तेव्हा ती परकरातली पोर होती. पुढे तिचं लग्न झालं, नवरा दोन वर्षांत समुद्रात गेला आणि त्याची बातमी मात्र संध्याकाळच्या आत घरी पोचली. तेव्हापासून ती माहेरीच, आमच्या घरात. आता ऐंशीच्या पुढे आहे, कानाला यंत्र आहे आणि ते कधी चालू ठेवायचं हे तिचं तीच ठरवते. मी इकडे निघालो तेव्हा सगळ्यांनी तब्येत सांभाळ, पैसे पाठव असं सांगितलं. आत्या म्हणाली, "तिकडेच चाललायस तर माझ्या आजोबांचं बघ. आजी गेली त्याच्या आधी गेले की नंतर, तेवढंच बघ."

जणू ते स्टेशनबाहेर रिक्षा लावून उभेच होते.

मी सातवीनंतर शाळा सोडलेला माणूस. आधी बोटीवर, मग हॉटेलात, मग मालकाच्या मेहरबानीने इथे. या देशाने मला घेतलं, त्याबद्दल मी रोज मनातल्या मनात आभार मानतो, आणि दर रविवारी व्हिसाचे कागद काढून बघतो की आभार अजून चालू आहेत ना. अशा माणसाने सरकारी दफ्तरात जाऊन चौकशी करायची म्हणजे झोपलेल्या हवालदाराला उठवून वेळ विचारण्यासारखं. म्हणून तीन वर्षं मी आत्याला 'बघतोय' असं सांगत राहिलो.

शेवटी इथल्या वाचनालयातल्या एका बाईंनी मला धरलं. सत्तरीच्या, नोकरीतून निवृत्त, लोकांना फुकट पूर्वज शोधून देतात. मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ऊब घ्यायला बसायचो. त्यांना वाटलं, मी संकोचाने बसलोय. तेही खोटं नव्हतं.

"नाव काय त्यांचं?"

मी सांगितलं. त्यांनी चार तऱ्हांनी लिहून पाहिलं, काही जमेना.

"दुसरी काही खूण?"

होती. आमच्या घरात पणजोबांचं वर्णन एकाच गोष्टीने करतात. डाव्या हाताची करंगळी होडीच्या नांगराच्या दोरात सापडून अर्धी तुटलेली. साडेचार बोटांचा माणूस.

बाईंचे डोळे चमकले. आणि मग मला कळलं की हे राज्य कसं चालायचं. त्या काळी या लोकांना आमचा रंग नको होता. परदेशी माणूस आत येऊ नये म्हणून परीक्षा ठेवलेली, ती कोणी पास होऊ नये अशीच. जो आधीपासून राहत होता त्याला मायदेशी जाऊन परत यायचं असेल, तर परीक्षेतून माफी मिळाल्याचा दाखला काढावा लागे. त्यावर समोरून फोटो, बाजूने फोटो आणि हाताच्या पंजाचा शाईत ठसा. माणूस नको, पण त्याचा हात जपून ठेवायचा. शंभराहून जास्त वर्षं तो कागद कोरडा, किडीविना, क्रमांक घालून ठेवलेला. ज्यांना तो माणूस हवा होता त्या आमच्या घरात त्याचं एक चिठोरंही नाही.

तीन शनिवार आम्ही अनोळखी माणसांचे हात बघत बसलो. चौथ्या शनिवारी पडद्यावर डावा पंजा आला. करंगळी अर्धी.

फोटोत कोट घातलेला, मिशीवाला, घाबरलेला माणूस. माझा थोरला भाऊ आधारकार्डावर दिसतो तसाच. जन्मगाव: बॉम्बे. नरपडचा माणूस कारकुनाने एका फटक्यात मुंबईकर करून टाकला होता. धंदा: फेरीवाला. दर्यात जाळं टाकणाऱ्याचं पोर इथे घोडागाडीतून बायकांना फिती आणि बटणं विकत फिरत होतं.

"म्हणजे ते घरी आले होते?" मी विचारलं.

बाईंनी पडद्यावर कागदाची पाठ उघडून दाखवली. जहाजावर चढल्याचा शिक्का मागे मारायचे. मागची बाजू कोरी होती. हात शाईत बुडवला, फोटो काढले, दाखला हातात घेतला आणि माणूस गेलाच नाही. का, ते कागदावर कोणी विचारलेलं नव्हतं. एरवी त्या कागदावर सगळं विचारलं होतं.

मग दाखल्यावरच्या स्पेलिंगने बाईंनी इस्पितळाची जुनी वही शोधली. त्यात ते होते, मरणाचं कारण वृद्धापकाळ, तारखेसकट. नातेवाईक या रकान्यात लिहिलेलं: कोणी माहीत नाही.

मी तारीख पाहिली आणि बोटांवर मोजलं. पणजी जाण्याच्या नऊ वर्षं आधी.

नऊ वर्षं ती विधवा असून कुंकू लावत होती. अंगणातल्या बायका बरोबर होत्या. आत्याला हे सांगण्यापेक्षा भांडी घासलेली बरी, म्हणून मी दोन दिवस जास्तीची पाळी घेतली. त्याआधी, वाचलं त्याच संध्याकाळी, भाड्याच्या खोलीत डोक्यावरून आंघोळ केली, पाण्याखाली रडून घेतलं. घरमालकीण म्हणाली, गरम पाणी फार जातंय. चाळीस म्हाताऱ्यांना सुतकातल्या हाताने सूप वाढलं. कोणाला काही झालं नाही, एकाने मीठ कमी आहे म्हणून तक्रार केली तेवढीच.

मंगळवारी फोन केला. घरी गडबड होती. थोरल्याच्या मुलाचं लग्न, मुलगी तलासरीची, हळद शुक्रवारी. मला रजा मिळाली नव्हती. खरं सांगायचं तर मी मागितलीच नव्हती, मागून गेलो आणि परत घेतलंच नाही तर, या भीतीने. तो कोरा कागद पाहिल्यापासून ती भीती मला घराण्यातलीच वाटू लागलीय.

आत्याला सगळं सांगितलं. करंगळी, कोट, फिती, बटणं. ती हं हं करत होती.

"आधी की नंतर?"

खोटं बोलता आलं असतं. इंग्रजी कागद घरात कोण वाचणार होतं? पण बोटीवर बारा वर्षं काढली तरी मला धड खोटं बोलणं जमलेलं नाही.

"आधी. नऊ वर्षं."

मागे कोणीतरी मांडववाल्याशी भांडत होतं. आत्याने खोलीचं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"तुझा बाप गेला तेव्हा तू कुठे होतास?"

"बोटीवर."

"किती दिवसांनी कळलं?"

"नवव्या दिवशी. बंदराला लागलो तेव्हा."

"घरच्यांचं सुतक फिटत आलं होतं. तुझं कधीपासून धरलं?"

"ऐकल्यापासून."

"मग? तिला कोणी सांगितलं होतं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही ना सांगितलं? मग हिरवंच बरोबर होतं." तिने असा श्वास सोडला जसा माणूस ओझं टेकवताना सोडतो. "माझ्या दारात सांगणारा आला. तिच्या दारात आला नाही. संपलं."

माझ्या डोक्यात मात्र नको तो विचार आला. "आत्या, पण आता आपण ऐकलं. म्हणजे आजपासून घरात सुतक. पोराची हळद..."

"काय म्हणतोस?"

"सुतक. आजपासून."

"यंत्रात खरखर येतेय रे. सकाळपासून मला काही म्हणजे काही ऐकू आलेलं नाही. सोमवारी कर फोन. नवरी घरात येऊ दे."

"पण आत्ता तू..."

"आणि त्या मोबाइलवर सगळ्यांना काही लिहून ठेवू नकोस. तुझ्या वहिनीला सगळं वाचायची खोड आहे."

फोन ठेवला. आठ दशकं थांबलेला माणूस आणखी सहा दिवस थांबला. त्याला सवय होती.

लग्न मी मोबाइलवर पाहिलं. आत्या पुढच्या खुर्चीत बसून हसत होती, कानात यंत्र नव्हतं.

सोमवारी फोन केला. "बोल," ती म्हणाली, जणू प्रथमच. मी पुन्हा सगळं सांगितलं. करंगळी, कोट, फिती, इस्पितळ, नऊ वर्षं. या वेळी ती रडली, अगदी आजच कोणी गेल्यासारखी, आणि मीही रडलो, दुसऱ्यांदा. मग तिने वहिनीला हाक मारली.

"पाणी तापव गो, सगळ्यांच्या आंघोळीचं. आजोबा गेले." आणि मला म्हणाली, "तो हात पाठव. डहाणूत छापून आणायला सांगते. सर्वपित्रीला पान वाढायचं, तर समोर काहीतरी पाहिजे."

"पाठवतो."

"तिकडे त्यांच्या नावाने कोणी आंघोळ केली होती का रे?"

"मी केली."

"कधी?"

"वाचलं त्याच दिवशी. लग्नाच्या आधी."

पलीकडून बादली ठेवल्याचा आवाज आला. आंघोळीला गेली की काय, असं मला वाटलं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "पण हे वहिनीला सांगू नकोस."