फक्त मोजायचं गाव

त्या वर्षी कापूस घरातच पडून होता. भाव उतरलेला, म्हणून बाबांनी विकला नाही. मधली खोली आढ्यापर्यंत भरली. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी उमरखेडहून माहेरी आली, तेव्हा तिची खाट त्याच खोलीत, दाराजवळ उरलेल्या जागेत टाकली. मी घाटंजीला शाळेत शिकवत होते. शनिवारी दुपारच्या एसटीने गावी यायचे.

गावातल्या गरोदर बायांवर तेव्हा कसलंसं संशोधन चाललं होतं. त्यासाठी यवतमाळहून एक तरुण मुलगी जीपने येई. आम्ही तिला मॅडम म्हणायचो, आई मात्र पोरी म्हणायची. ती बहिणीला वजनकाट्यावर उभं करी, पोटावर टेप धरी, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघे. यंत्र पेटीत ठेवताना म्हणे, "छान."

बहिणीला या सगळ्याची गंमत वाटे. "माय, कापसाले काटा भेटून नाही राह्यला, अन् मले घरबसल्या भेटला."

"मंग! तुहाच भाव चढला बाई औंदा," आई म्हणायची.

मॅडमही हसायची. तिला अंबाडीची भाजी आवडते म्हणून आई तिच्या वाराला मुद्दाम करून ठेवी. डोहाळजेवणाला ती आली, तेव्हा आईने बहिणीच्या केसांत गजरा माळला आणि उरलेला तिच्या.

सरकारी उपकेंद्र नाल्यापलीकडच्या गावात होतं. सुरुवातीला बहीण तिथल्या नर्सबाईंकडे जात असे. मग आई म्हणाली, "ते पोरगी घरी येऊन तपासते, तं उन्हाचं तिकडे कायले जाचं?" ते आम्हा सगळ्यांनाच पटलं. मोजणं आणि काळजी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे आमच्या घरात कुणाला सुचणं शक्यच नव्हतं. पर्वा नसलेलं माणूस आमच्याकडे मोजायलाही येत नसे.

नववा लागला तसे तिचे पाय सुजले. शेजारणी म्हणाल्या, पहिलटकरणीचे पाय भरतातच. मग डोकं दुखू लागलं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, म्हणाली. त्याचं कारण तर घरातच होतं. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, डोकं जड होतं, हे गावात लहान मुलालाही ठाऊक. बाबांनी खाट उचलून ओसरीवर आणली. कापसापासून दूर नेलं की बरं वाटेल, एवढाच विचार.

त्या शनिवारी मी घरी होते. मॅडमने पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

"मॅडम, कापसानं अस्सं डोकं धरते का हो?" बहिणीने विचारलं.

"आराम करा," मॅडम म्हणाली. आणि जरा उशिराने, "छान."

सोमवारी पहाटे बहिणीला झटके आले. यवतमाळला पोचेपर्यंत तिची शुद्ध गेली होती. डॉक्टरांनी बाळ वाचवलं. मुलगी. बहीण संध्याकाळी गेली. "दाब इतका वाढलेला, कुणी तपासलंच नाही?" डॉक्टर चिडून म्हणाले. बाबा हात जोडून सांगत राहिले, "तपासलं न साहेब. घरी येऊन तपासलं."

आमच्या घरी अजून शेजारच्यांकडून भाकरी येत होती, तेव्हा मॅडम आली. पायरीशी चपला काढून उभी राहिली आणि रडू लागली. मी विचारलं, "दाब वाढलेला होता?"

"हो."

"कधीपासून?"

"डोहाळजेवणाच्या आधीपासून." मग खाली बघत ती म्हणाली, "ताई, तुमचं गाव फक्त मोजायचं होतं. सांगायचं, औषध द्यायचं, ते पलीकडच्या गावांत. नंतर दोन्हीकडची बाळं ताडून बघायची. मी वर कळवलं होतं. ते म्हणाले, मधे बोलू नका."

मी पुस्तकं वाचणारी बाई. तिचं म्हणणं मला लगेच कळलं. कशाने फरक पडतो हे समजायला, जिथे काहीच दिलं नाही असं एक ठिकाण लागतं. ते ठिकाण म्हणजे आमची ओसरी, हे बहिणीला कुणी सांगितलं नव्हतं. तो गजरा माळून घेताना मॅडमला सगळं माहीत होतं.

तिच्या खांद्याच्या पिशवीत बाळाला जोखायचा, झोळीचा काटा होता. मी दार लावून घेणार होते. पण आई आतून बाळ घेऊन आली, बहिणीच्या जुन्या साडीत गुंडाळलेलं.

"मोज," ती म्हणाली. "पण मोठ्यानं सांग."

मॅडमने ओसरीच्या वाशाला काटा टांगला. आईने स्वतः बाळाला झोळीत ठेवलं. मॅडम आकडा पुटपुटली.

"मोठ्यानं."

तिने पुन्हा सांगितला.

"बराबर हाय का कमी हाय?"

मॅडमने आईकडे पाहिलं. "कमी आहे," ती म्हणाली. आमच्या घरात मोजलेल्या आकड्याबद्दल "छान"खेरीज पहिल्यांदाच काही.

आईने बाळ काढून पदराखाली घेतलं. "चाल," मला म्हणाली, "नर्सबाईकडे." आम्ही मॅडमच्या बाजूने पायऱ्या उतरलो. मागे वाशाला रिकामी झोळी हलत होती.